शिष्यवृत्तीत गुण कमी आले म्हणजे मुलगी कमी पडली का?

नाशिकच्या इंदिरानगर भागातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी आठवीत असताना पूर्व माध्यमिक शिष्यवृत्ती परीक्षेला बसली. शाळेच्या दोन्ही सत्रांत तिला ऐंशी टक्क्यांच्या पुढे गुण होते, पण शिष्यवृत्तीत पहिल्या पेपरला 66 आणि दुसऱ्याला 72 असे 300 पैकी 138 गुण पडले. क्लासच्या सरांनी ‘हिचा स्पर्धा परीक्षेचा पिंड नाही’ असे सांगून टाकले. यांतले कोणते गुण खरे मानायचे, अशा परीक्षांतून मुलांची खरी पारख होते का आणि नववीला मोठ्या क्लासला घालावे का, असे त्या विचारतात.

दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत शिक्षक, मुख्याध्यापक आणि पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांच्या एका गटाचा प्रमुख, म्हणून काम करताना चाचण्या घेणे, तपासणे आणि त्यांचे निकाल शिक्षकांबरोबर बसून वाचणे हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता. त्या अनुभवावरून सांगतो की ताई, दोन्ही गुण खरे आहेत. मात्र ते दोन वेगळ्या गोष्टींचे आहेत आणि त्यांपैकी कोणताही तुमच्या मुलीच्या पिंडाविषयी काही सांगत नाही. दोन्ही पेपरांत 40 टक्के, म्हणजे 60 गुणांची अट तिने पूर्ण केली आहे, त्यामुळे ही परीक्षा घेणाऱ्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या निकषाने ती पात्र आहे. तिला मिळाले नाही ते गुणवत्ता यादीतले स्थान. द्यायच्या शिष्यवृत्त्यांची संख्या ठरावीक असल्यामुळे ती यादी कुठेतरी थांबवावीच लागते, आणि जिथे ती थांबते त्या रेषेच्या वरचे मूल हुशार व खालचे सामान्य असा अर्थ कोणीही काढू नये.

आधी परीक्षेची रचना पाहू. प्रत्येक पेपरात 75 प्रश्न, प्रत्येकाला 2 गुण आणि वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद मिळतात, त्यांतच प्रश्न वाचायचा, कच्चे काम करायचे आणि उत्तरपत्रिकेवरचे वर्तुळ रंगवायचे. प्रश्न मुद्दाम तीन पातळ्यांचे काढलेले असतात: साधारण 30 टक्के सोपे, 40 टक्के मध्यम आणि 30 टक्के कठीण. शाळेच्या संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या, चाचणीचा हेतू वेगळा असतो. शिकवलेले मुलांना कितपत आले हे तिथे पाहायचे असते, त्यामुळे वर्ग नीट शिकला असेल तर बहुतेक मुलांना चांगले गुण पडणे हेच त्या चाचणीचे यश आहे. शिष्यवृत्ती परीक्षेला हजारो मुलांमधून मोजकी निवडायची असल्यामुळे ती मुलांना एकमेकांपासून दूर दूर पांगवण्यासाठी बांधलेली असते. शाळेच्या चाचणीत 82 टक्के मिळवणारे मूल शिष्यवृत्तीत 46 टक्क्यांवर येणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे.

आठवीच्या पेपरात आणखी एक बाब आहे, जी पुष्कळ पालकांना निकाल लागेपर्यंत ठाऊक नसते. प्रत्येक पेपरात जास्तीत जास्त 20 टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक असतात आणि दोन्ही वर्तुळे रंगवली तरच गुण मिळतात. म्हणजे एका पेपरात 30 पर्यंत आणि दोन्ही मिळून 60 पर्यंत गुण या प्रकारात अडकलेले असू शकतात. पहिला बरोबर पर्याय सापडला की मूल निश्चिंत होऊन पुढे जाते, कारण शाळेत त्याला तीच सवय लागलेली असते. तुमच्या मुलीचे किती गुण इथे गेले असतील हे पेपर समोर घेतल्याशिवाय कळणार नाही, पण 138 या आकड्यात त्याचा वाटा असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

पर्यायी प्रश्नांच्या कोणत्याही चाचणीत नशिबाचा वाटा किती असतो, हेही समजून घ्यावे. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा पेपर घ्या, कारण तिथे दोन पर्यायांची भानगड नाही आणि चुकीच्या उत्तराला गुण कापलेही जात नाहीत. एखाद्या मुलाला 75 पैकी फक्त 15 प्रश्न खरोखर येत असतील आणि उरलेल्या 60 ची वर्तुळे त्याने अंदाजाने रंगवली, तर चारात एक या हिशोबाने आणखी 15 बरोबर येतील, एकूण 30 होतील आणि 60 गुणांसह ते मूल पात्र ठरेल. तेवढेच येणारे दुसरे मूल अंदाजात चार प्रश्न कमी जुळल्यामुळे 52 गुणांवर अडकेल आणि तिसरे चार जास्त जुळल्यामुळे 68 वर जाईल. तिघांचे ज्ञान सारखेच असताना एक अपात्र, एक काठावर आणि एक आरामात पात्र. म्हणून एका परीक्षेतला पाच-सात गुणांचा फरक मी कधीच गांभीर्याने घेत नाही आणि वर्गातल्या दोन मुलांची अशा फरकावरून तुलना करणाऱ्या पालकांनाही थांबवतो. तीन-चार चाचण्यांत एकाच दिशेने जाणारा फरक मात्र गंभीर असतो.

इथवर परीक्षेविषयी झाले. परीक्षेला बसण्यापूर्वीच मुलाच्या गुणांवर ज्या गोष्टींचा परिणाम झालेला असतो, त्यांत वाचनाचा वेग आणि आकलन यांना मी सर्वांत वरचे स्थान देतो, अगदी गणिताच्या गुणांच्या बाबतीतही. दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत सहावीच्या चाचणीत असा प्रश्न होता: एका क्रेटमध्ये 20 किलो टोमॅटो मावतात, तर 730 किलो टोमॅटो बाजारात नेण्यासाठी कमीत कमी किती क्रेट लागतील? एका मुलाने 36 हा पर्याय निवडला होता. कच्च्या कामात भागाकार व्यवस्थित मांडलेला, भागाकार 36 आणि बाकी 10. त्याला जवळ बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितले. अक्षरे जुळवत तो ‘कमीत कमी’पर्यंत पोचला तेव्हा वाक्याची सुरुवात त्याच्या हातून निसटली होती. मग मीच प्रश्न वाचून दाखवला आणि वही बंद ठेवायला सांगितले. तो लगेच म्हणाला, ‘सदतीस. ते दहा किलो काय बांधावर टाकून द्यायचे?’ त्याचे आईवडील सुरगाण्याहून मजुरीला आलेले होते आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जाणारे क्रेट भरताना त्याने रोज पाहिले होते. चाचणीने त्याचे गणित कच्चे ठरवले. कच्चे होते त्याचे मराठी वाचन, आणि उपाय त्यावर व्हायला हवा होता. आणखी पन्नास भागाकार देऊन त्याला काहीही लाभ झाला नसता.

नाशिक जिल्ह्यात ही अडचण अनेक रूपांत दिसते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांत मूल घरी कोकणा किंवा वारली बोलते. बागलाण, कळवण, मालेगावकडे अहिराणी. आणि पुस्तक सगळ्यांना प्रमाण मराठीतूनच भेटते. पहिली-दुसरीत शिक्षकाने घरच्या बोलीचा हात धरून मुलाला पुस्तकाच्या भाषेपर्यंत आणले तर हे अंतर सहज पार होते. नाही आणले तर ते मूल पाचवी-आठवीपर्यंत प्रत्येक विषयात थोडे थोडे मागे पडत जाते आणि त्याचे मूळ कारण कोणत्याच गुणपत्रकावर उमटत नाही. शहरातही हे वेगळ्या प्रकारे घडते. घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची आणि वाचन दोन्हीकडे अर्धवट, अशी मुले गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत सर्वत्र आहेत.

दुसरी मोठी बाब हजेरीची. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत काम सुरू होते आणि डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे), थिनिंग (घडातले मणी विरळ करणे), पुढे काढणी असे ते मार्च-एप्रिलपर्यंत चालते. डोंगराळ तालुक्यांतली कुटुंबे या काळात दिंडोरी-निफाडच्या बागांवर येतात आणि मुले त्यांच्यासोबत असतात. शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे नेमकी काढणीच्या ऐन हंगामात होत आली. स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी कार्ड असलेले मूल नव्या गावच्या शाळेत बसू शकते, आणि जिथे शिक्षकांनी ते कार्ड मनावर घेतले तिथे त्याचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. पण जे मूल वर्षातले तीन महिने वर्गाबाहेर होते, त्याचे गुण आणि शहरातल्या नियमित मुलाचे गुण एकाच यादीत ठेवून ‘ग्रामीण मुले मागे का?’ असे विचारले जाते तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या प्रश्नाचे उत्तर हजेरीपटावर लिहिलेले असते.

शरीराविषयी थोडक्यात लिहितो. फळ्यावरचे नीट दिसत नाही हे मूल स्वतःहून सांगत नाही, कारण सर्वांना तसेच दिसते असे त्याला वाटत असते. गुण अचानक घसरले की मी पहिल्यांदा डोळे तपासायला सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 19 वयोगटातल्या सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत मिळणारी जंतनाशकाची गोळी आणि आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी कित्येक मुली तोंडात धरून बाहेर टाकून देतात, त्यांच्याशी आईने बोलायला हवे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी सातची शाळा आणि रात्री नऊपर्यंत क्लास असे वेळापत्रक त्यात कुठेच बसत नाही.

आता तुमच्या क्लासच्या सरांच्या वाक्याकडे येतो, कारण तुमच्या संपूर्ण प्रश्नात मला तेच सर्वांत जास्त खटकले. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले होते. तो अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची जात जाहीर केली नव्हती तेव्हा तथाकथित खालच्या आणि वरच्या जातींतल्या मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. मुलांसमोर नाव आणि जात मोठ्याने वाचून मग तेच काम दिले, तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुले तशीच, काम तेच, शिक्षण तेच; बदलली ती फक्त त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जात आहे याची जाणीव. आपल्या शाळांतून हे आजही घडते, जातीवरून घडते आणि ‘हा आदिवासी वस्तीवरचा’, ‘मुलींना गणित जड जाते’, ‘हिचा पिंड नाही’ अशा शेऱ्यांवरूनही घडते. असा शेरा एकदा ऐकलेले मूल पुढच्या कठीण प्रश्नाशी झगडणे लवकर सोडते, आणि लवकर सोडल्यामुळे चुकते. मग शेरा देणाऱ्याला आपण बरोबर होतो असे वाटते. ते वाक्य मुलीच्या कानावर गेले असेल तर ते चुकीचे का आहे हे तिला पेपरातल्या उदाहरणांसह समजावून सांगा. नुसते ‘लक्ष देऊ नको’ म्हटल्याने ते मनातून जात नाही.

एकसारखी परीक्षा सर्वांना घेऊ नये, असे मात्र माझे मत नाही. शिक्षकाच्या मर्जीवर सोडलेल्या मूल्यमापनात ओळखीच्या, नीटनेटक्या, वर्गात बोलणाऱ्या मुलाला नकळत झुकते माप मिळते; उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला मुलाचे आडनाव आणि कपडे दिसत नाहीत. वाडीवस्तीवरच्या मुलाला आपली गुणवत्ता गावाबाहेर दाखवण्याची पहिली संधी शिष्यवृत्तीने किंवा एनएमएमएसनेच (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती) दिली, अशी मुले या जिल्ह्यात भरपूर आहेत. एनएमएमएसमध्ये निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात. मजुरीवर चालणाऱ्या घरात त्यामुळे मुलीचे शिक्षण थांबता थांबता वाचते.

चाचणीचा आणखी एक फायदा आहे आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिके यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या कितीतरी जास्त लक्षात होते. स्वतःला विचारलेला प्रश्न हीच शिकण्याची क्रिया आहे. त्यासाठी चाचणी छोटी, वारंवार, गुणांच्या भीतीशिवाय आणि लगेच दुरुस्ती होणारी असावी लागते. धड्याच्या शेवटी पाच प्रश्न पाटीवर सोडवून शेजाऱ्याशी पडताळणारा वर्ग वर्षअखेर कुठे पोचतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

बिघडते ते चाचणीच्या आकड्यावर फार मोठ्या गोष्टी अवलंबून ठेवल्यावर. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात मांडलेले तत्त्व असे की एखाद्या मापावर निर्णयांचा भार जितका वाढेल, तितके ते माप बिघडते आणि ज्याचे मोजमाप करायचे त्यालाही बिघडवते. आपल्याकडे याचे रूप परिचित आहे. डिसेंबर उजाडला की काही शाळांत चित्रकला, खेळ, इतिहास यांच्या तासिका शिष्यवृत्तीच्या सरावाकडे वळतात. सराव संचांची पुस्तके एकामागून एक संपवली जातात, त्यामुळे मूल प्रश्नाचा साचा ओळखायला शिकते आणि साचा बदलला की थबकते. सर्वांत अन्यायकारक प्रकार असा की जी मुले यादीत येण्याच्या काठावर आहेत त्यांच्यासाठी जादा तास होतात आणि ज्यांना अजून सलग परिच्छेद वाचता येत नाही ती मागच्या बाकावर राहतात. शाळेचा निकाल त्याने सुधारतो आणि शिक्षण मागे जाते. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीत होती, 2016-17 पासून ती पाचवी-आठवीत गेली आणि 2025 मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीच्या टप्प्यावर नेण्याचा निर्णय घेतला. इयत्ता बदलल्याने हा प्रकार आपोआप थांबणार नाही.

वर्तमानपत्रांत येणाऱ्या सर्वेक्षणांचे आकडे पाहून आपल्या मुलाविषयी निष्कर्ष काढू नयेत, हेही जाता जाता सांगतो. 4 डिसेंबर 2024 रोजी झालेले केंद्र सरकारचे परख राष्ट्रीय सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीच्या निवडक शाळांतल्या निवडक मुलांवर होते. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या ‘असर’ या पाहणीत ग्रामीण घरोघरी जाऊन मुलाला समोर बसवून वाचायला लावतात. दोन्हींतून जिल्ह्याची किंवा राज्याची स्थिती कळते आणि त्यासाठी ती मोलाची आहेत. वर्गातल्या एकेका मुलासाठी मात्र वेगळी वाट आहे. मुंबई आणि वडोदरा येथील ‘प्रथम’च्या, मागे पडलेल्या मुलांसाठीच्या बालसखी कार्यक्रमाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो या अर्थतज्ज्ञांनी केला, आणि मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता त्यांना आज काय येते त्याप्रमाणे गटांत शिकवण्याची पद्धत त्या वाटेने पुढे रुजली. माझ्या केंद्रातल्या शाळांत वाचनाचे असे गट करून रोज एक तास दिला तेव्हा जे बदल दिसले, ते कोणत्याही सराव संचाने घडवले नव्हते.

आता तुम्ही काय करावे ते लिहितो. शिष्यवृत्तीचे दोन्ही पेपर आणि अंतिम उत्तरसूची मिळवा. एका रविवारी सकाळी, झोप पूर्ण झाल्यावर, मुलीला पहिला पेपर पुन्हा सोडवू द्या, पण वेळ लावू नका. पुढच्या रविवारी दुसरा. दोन्ही वेळा गुण मोजण्याची घाई करू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाजवळ तिच्याकडूनच एक खूण करून घ्या: घटकच माहीत नव्हता, माहीत असून प्रश्न नीट वाचला गेला नाही, की दुसरा अचूक पर्याय शोधलाच नाही. वेळेची सक्ती नसताना तिचे 66 चे 100 च्या आसपास गेले, तर तिला विषय येतो आणि वेग व सवय हवी आहे. त्यासाठी रोज वीस मिनिटे घड्याळ लावून दहा-बारा प्रश्न पुरतात. एकदा पाहिलेला पेपर असल्यामुळे थोडी वाढ तशीही होईल, ती वजा धरा. वेळ देऊनही गुण तेवढेच राहिले तर चुका कोणत्या घटकांत गोळा झाल्या आहेत ते पाहा. आठवीत बैजिक राशींचे अवयव पाडणे अर्धवट राहिले असेल तर नववीच्या बहुपदीत आणि दहावीच्या वर्गसमीकरणात ते पुन्हा समोर येणार आहे, आणि ते दुरुस्त करण्याचे खरे कारण शिष्यवृत्ती नसून हे आहे.

क्लासचा निर्णय या खुणा पाहिल्यावर घ्या. घटक कच्चे निघाले आणि शाळेतल्या शिक्षकांना वेळ देता येत नसेल, तर दहा-पंधरा मुलांची छोटी शिकवणी निवडा, जिथे तिची वही रोज कोणीतरी उघडून पाहील. शंभर मुलांच्या हॉलमध्ये, दर रविवारी चाचणी आणि सोमवारी व्हॉट्सॲपवर क्रमवारी, अशा ठिकाणी नववीतल्या मुलीला पाठवण्याचे कोणतेही कारण तुमच्या पत्रात मला दिसले नाही. वाचनाच्याच खुणा जास्त निघाल्या तर क्लासचे पैसे वाचवा आणि रोज अर्धा तास तिला पाठ्यपुस्तकाबाहेरचे काहीही, वर्तमानपत्राचे संपादकीय पानसुद्धा, वाचू द्या आणि वाचलेले दोन-तीन वाक्यांत तुम्हाला सांगू द्या. सहामाहीनंतर शाळेने पेपर दाखवले की त्याच तीन खुणा त्यांवर करून बघा. पहिल्या प्रकारच्या खुणा कमी झाल्या असतील तर आहे तेच चालू ठेवा, आणि झाल्या नसतील तर तो पेपर घेऊन गणिताच्या शिक्षकांना भेटा.